गडग्यातली फट

हे जे समोर दिसतंय ना, काळा कातळ, मध्येमध्ये पिवळं पडलेलं गवत, लांब कुठेतरी एखादं वाकडं झाड आणि त्याच्या मागे समुद्राची रेघ, ह्याला आम्ही सडा म्हणतो. सातबाऱ्यावर बघितलंत तर पोटखराबा लिहिलेलं सापडेल, म्हणजे सरकारदरबारी इथे काही नाही. पण पहाटे पाचला येऊन गवतात बघा, हे असे छोटे छोटे सुके गोळे पडलेले असतात. ससा. काल रात्री इथेच चरून गेलाय.

राजापूर सोडून देवगडकडे यायला लागलं की असे सडे लागतात एकामागून एक. त्यातल्याच एका वाडीत आम्ही तीन दिवस होतो. ज्यांच्याकडे होतो त्या आजोबांना सगळी वाडी आबा म्हणते. नाव दाखवणार नाही, चेहराही नाही, कारण तुम्हाला पुढे कळेलच. आबांनी माळ्यावरून एक गाठोडं खाली काढलं, झटकलं, धुळीने आमचा कॅमेरावाला खोकायला लागला. आत वाघूर, ससे धरायची.

वाघूर म्हणजे जाळं, पण माशांचं नाही, जनावराचं. संस्कृतात वागुरा म्हणतात तोच शब्द घासून घासून आपल्याकडे आलाय. हे तागाच्या दोऱ्याचं, हाताने विणलेलं, उंची साधारण मांडीपर्यंत, आणि आबांच्या हाताने मोजलं तर अठरा हात लांब. रंग तपकिरी, कारण ऐनाच्या सालीच्या पाण्यात बुडवून काढलंय, खाली बंदरावर पूर्वी मासेमारीच्या जाळ्यांना हाच रंग द्यायचे. नंतर नायलॉन आलं आणि बंदरावरची फाटकी जाळी फुकट मिळायला लागली, मग कोण विणत बसतंय.

आता हे लावायचं कसं, तर इथे खरी गंमत आहे. आम्हाला वाटलेलं की जाळं ताणून बांधायचं, व्हॉलीबॉलच्या नेटसारखं. आबा हसले. "ताट बांधलास तर ससो आपटान परत जाता. ढिला व्हया." म्हणजे बारीक काठ्यांवर नुसतं टेकवायचं, खाली भरपूर झोल सोडायचा, ससा घुसला की काठ्या पडतात आणि जाळं त्याच्या अंगावर येतं, मग तो जितका झटापट करेल तितका गुंततो.

पण जाळं अठरा हात आणि सडा मैलभर. मग कुठे लावणार? तर हा गडगा बघा. चिऱ्याचे आणि कातळाचे दगड नुसते एकावर एक रचलेले, सिमेंट नाही, माती नाही. कुठेतरी दोन दगड ढासळतात आणि फट पडते. ससा रोज रात्री चरायला जाताना त्याच फटीतून जातो आणि त्याच फटीतून येतो. गवतात त्याची वाट पडलेली असते, विती एवढीच रुंद, आम्हाला दाखवेपर्यंत दिसली नाही आणि दाखवल्यावर सगळीकडे तीच दिसायला लागली.

ससा म्हटल्यावर आपल्याला तो पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा आठवतो. तो वेगळा, तो युरोपातून आलेल्या जातीचा, बीळ खणणारा. आपला रानससा बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाची खळगी करतो आणि दिवसभर त्यात दबून बसतो, मानेवर मागे काळा डाग असतो म्हणून इंग्रजीतही काळ्या मानेचाच म्हणतात त्याला. पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन. बीळ नाही तर जन्मल्याबरोबर पळायची तयारी हवीच ना.

तर कुत्र्यांचं काम असं की ह्या दबून बसलेल्या सशाला उठवायचं. पकडायचं नाही, हे महत्त्वाचं. आबांकडे दोन गावठी कुत्रे होते, एक म्हातारी कुत्री जी वास काढायची आणि एक तरणा जो नुसता भुंकत धावायचा, दोन्ही लागतात म्हणे. माणसं लांबून अर्धगोल करून हाकारा करत यायची, जाळ्याजवळ एकजण वारा तोंडावर घेऊन बसायचा, म्हणजे त्याचा वास सशाकडे जायला नको. विडी बंद. खोकला आला तरी गिळायचा.

आणि ससा उठला की कुठे जाणार हे आबांना आधीच माहीत. "फाटले पाय लांब, फुडले आखूड. तो वर चढता. उतारार कोलमाडता." फाटले म्हणजे मागचे. म्हणून जाळं नेहमी चढाच्या बाजूच्या फटीला.

हे सगळं आबा भूतकाळात सांगतात, कारण आता हे केलं तर गुन्हा आहे. आणि गुन्हा म्हणजे नुसता मारला तर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार ह्या शब्दाची व्याख्याच अशी केलीय की त्यात मारणं, पकडणं, फास लावणं, कुत्रे मागे सोडणं, हाकारा करणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं, आणि ह्यातलं काही करायचा नुसता प्रयत्नसुद्धा. म्हणजे वाघूर लावली, कुत्रे सोडले आणि ससा टांग देऊन निसटला, तरी शिकार झालीच.

सुरुवातीला एवढं कडक नव्हतं. १९७२ च्या मूळ कायद्यात ससा अनुसूची ४ मध्ये होता, अनुसूची म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, लहान शिकार ह्या वर्गात, आणि त्यासाठी परवाना मिळायचा, अगदी जाळ्यासापळ्याचाही वेगळा परवाना होता. तुम्ही काढलेला का, असं आबांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न विचारला. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच बंद झाली. मग २०२२ च्या दुरुस्तीत सहा अनुसूचींच्या चार झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं, ससा अनुसूची २ मध्ये गेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, दंड आधी पंचवीस हजारापर्यंत होता. जाळं जप्त, गाडी जप्त. आणि मटण घरात सापडलं तर ते कायदेशीर आहे हे सिद्ध करायचं काम तुमचं.

गंमत बघा, इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने सशामागे कुत्रे सोडणं बंद केलं, पण बंदुकीने ससा मारायला तिथे बंदी नाही. म्हणजे त्यांचा आक्षेप कुत्र्यावर. आपल्याकडे तुम्ही कशाने मारता ह्याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही, सशाला हात लावायचाच नाही.

मला विचाराल तर बंदी बरोबरच आहे. कारण आता जी शिकार होते ती आबांची शिकारच नाही. डोक्याला बॅटरी लावायची, बाईकवरून सड्यावर फिरायचं, उजेडात ससा डोळे चमकवत थिजून उभा राहतो आणि मग काय, ठासणीची बंदूक. ही बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, डुकराच्या नावाने, आणि डुकरालाही वनखात्याची परवानगी लागतेच. ह्यात कुत्रा नको, वारा नको, वाट माहीत नको. आबांचा राग इथे आहे. "ससो मारूक अक्कल लागना नाय. तो खंयसून जातलो ता कळाक लागता." म्हणजे मारायला अक्कल लागत नाही, तो कुठून जाणार हे कळायला लागते.

पण एक खटकतं. गडग्याला फास लावणारा गरीब माणूस गुन्हेगार, त्यात वाद नाही. उत्तरेला रायगडात कातकरी वाड्यांवर तर रानातलं मिळेल ते खाऊन पिढ्या जगल्या. आणि तोच सडा जेसीबीने फोडून, माती आणून ओतून, आंब्याची कलमं लावून, चारी बाजूंनी जांभ्या दगडाचं चिरेबंदी कंपाउंड घातलं, ज्यात फट म्हणून नाही, तर ते? ते विकास. सशाची वाट बंद झाली ती कुठल्या कलमात बसत नाही, कारण जमीन पोटखराबाच होती.

शेवटच्या रात्री आम्ही आबांच्या फटीसमोर ट्रॅप कॅमेरा लावला. जागा त्यांनीच दाखवली, फटीपासून किती हात, किती उंची, सगळं. सकाळी चहा पिताना क्लिप बघितली. चार वाजून दहा मिनिटं. फटीतून आधी कान आले, मग तो आला, थांबला, नाक हलवलं. आबा मोबाईलवर वाकले, म्हणाले आता वर जातलो.

ससा खाली गेला. उताराने, सरळ.

आमचा कॅमेरावाला हसला, मीही थोडा हसलो, खोटं कशाला बोलू. आबांनी क्लिप परत लावायला सांगितली. परत बघितली. मग कप खाली ठेवून विचारलं, "वरच्या अंगाक काय ठेवलास?"

आमची बाईक. रात्री कॅमेरा लावून झाल्यावर चालू होईना म्हणून तिथेच, गडग्याच्या वरच्या बाजूला, उभी करून आलो होतो.