निमंत्रित संघ

अध्यक्ष महाराज, पत्रिकेवर विषय छापलाय 'देशोदेशीच्या क्रीडा लीग'. दारातच एकानं विचारलं, सर, आयपीएलच्या पासांचं काही जमतंय का? नाही. चहा मात्र आहे, तोही शेवटी.

सुरुवात कबड्डीनं करतो. मी नवाच मास्तर होतो तेव्हा. गोदाकाठच्या आमच्या गावचा ५५ किलो वजनी गटाचा संघ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून चाळीस किलोमीटर नेला. वजनं भुसार दुकानाच्या काट्यावर. आमचा रेडर अर्धा किलो जास्त भरला. चैत्राचं ऊन, त्यात पोरानं स्वेटर घातला, वरून माझा रेनकोट, अन् मैदानाला फेऱ्या. तासाभरात बसला काट्यात. दुकानदार म्हणाला, "तुरीत एवढी घट आली असती तर मी बुडालो असतो!"

मग टेबलाशी गेलो. संयोजक म्हणाले, "भाग्यपत्रिका पडली, कोण कुणाशी खेळणार ते ठरलं. यंदा निमंत्रित सोळाच संघ." म्हटलं, मागच्या वर्षी ह्याच मैदानावर आम्ही सेमीफायनल खेळलो. "ते मागच्या वर्षी." झालं! वर गंमत म्हणजे निमंत्रितांतला एक संघ आलाच नाही. समोरच्यांना पुढे चाल मिळाली आणि आमची पोरं जर्सी घालून कडेला भेळ खात बसली. मला जगातल्या सगळ्या लीग त्या टेबलावरूनच दिसतात. आत घेणारा कोण, आणि कशाच्या बळावर?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळवतो.

इंग्लंडात १८८८ साली बारा क्लबांनी फुटबॉल लीग काढली. आज प्रीमियर लीगचे वीस संघ, तळाचे तीन खालच्या लीगमध्ये, तिथले तीन वर. ल्युटन टाउन नावाचं क्लब २०१४ ला पाचव्या पायरीवरून निघालं, २०२३ ला सगळ्यात वर पोचलं आणि वर्षात परत खाली. पण त्यांचंही फार कौतुक नको; १९८७ पर्यंत बाहेरच्या संघाला लीगमध्ये यायचं तर आतल्या क्लबांची मतं लागायची. म्हणजे आमचंच टेबल.

अमेरिकेच्या मोठ्या लीगांत खाली जाणं हा प्रकारच नाही. एनएफएल ही त्यांच्या अमेरिकन फुटबॉलची लीग, तिचे ३२ संघ, शेवटचा आला तरी जागा शाबूत. उलट नवे खेळाडू निवडताना पहिला मान त्यालाच, आणि संघाच्या एकूण पगाराला सगळ्यांना एकच मर्यादा. आतल्या आत समानता चांगली, बाहेरच्याचं काय? आतल्या गावाचाही भरवसा नाही. १९८४ च्या मार्चात बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ मालकानं रातोरात ट्रकात भरून इंडियानापोलिसला नेला. आपल्याकडं कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, ट्रकात भरून जातात, पण निदान कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की परततात तरी!

जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, बोलवा.

आपली प्रो कबड्डी २०१४ ला आठ संघांची, २०१७ ला बारा झाले. पहिला हंगाम टीव्हीवर पाहून आमच्या रेडरचा फोन आला. आता त्याचं खताचं दुकान आहे. "सर, ह्यात गावाचं नाव कुठं द्यायचं?"

म्हटलं, नाव देत नसतात बाबा, संघ विकत घेतात.

थोडा वेळ गप्प. मग म्हणतो, "म्हंजी निमंत्रितच की."

चहा आला वाटतं. बसा, बसा, कप जागेवर येतील.