दात्यांचे पंचांग

सभ्य स्त्री-पुरुषहो, व्याख्यानाचे शीर्षक वाचून कोणी मुहूर्त काढून घेण्याच्या अपेक्षेने आले असेल, तर त्यांची निराशा होणार आहे. मला ज्या पंचांगाविषयी बोलायचे आहे, ते कोठेही छापले जात नाही आणि तरीही जगभर काटेकोरपणे पाळले जाते. सण जवळ आला की हात सैल होतो आणि सण उलटला की तोच हात खिशात जाऊन बसतो. संयोजकांनी पत्रिकेत ‘सणाच्या दिवसांत दान कसे करावे’ असे छापले आहे. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी माझी एक जुनी तक्रार मांडू द्या, कारण घरच्यांनी ती ऐकणे केव्हाच सोडले आहे.

काही वर्षे मी वर्षअखेरच्या सुटीत एका बालगृहात आलेल्या वस्तू निवडून लावण्याचे काम करत असे. खोकी उघडताना माणसाची माणसाविषयीची मते बदलतात. एका खोक्यात फक्त डाव्या पायाचे चार बूट निघाले; उजवे कोठे दान केले असतील, याचा मी अजून विचार करतो. दुसऱ्यात, दात्याचेच नाव कोरलेला वक्तृत्वस्पर्धेचा करंडक होता. (वक्त्यांना हसू नका, ती जमात मुळात उदार असते.) आणि तिसऱ्यात, नीट गुंडाळी करून रबर लावलेली, चालू वर्षाची भिंतीवरची दिनदर्शिका होती. वर्ष संपायला तेव्हा 9 दिवस उरले होते.

पण हा झाला विनोदाचा भाग. त्या आठवड्यात एकाच दिवशी पाहुण्यांचे चार गट आले. प्रत्येक गटासाठी मुलांना रांगेत उभे करण्यात आले, त्यांनी स्वागतगीत म्हटले, भेटी स्वीकारल्या, छायाचित्रे काढून घेतली. चौथ्या गटाच्या वेळी सात-आठ वर्षांच्या एका मुलाने माझी बाही ओढून विचारले, “काका, या वेळी दुसरं कडवं सोडलं तर चालेल का?” अधीक्षिकाबाईंनी मला नंतर भेटींची नोंदवही दाखवली. सणाच्या आठवड्याला पाने पुरली नव्हती, म्हणून मध्ये कागद चिकटवले होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांना मिळून अर्धे पान पुरले होते.

गीतेच्या 17व्या अध्यायातील सात्त्विक दानाची व्याख्या आपणा सर्वांना पाठ असेल: जो परतफेड करणार नाही अशाला, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले दान. प्रत्युपकाराच्या अपेक्षेने दिलेले ते राजस. त्या मुलाचे दुसरे कडवे हा प्रत्युपकारच नव्हे काय? ‘काल’ या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांच्या भाष्यात संक्रांतीसारखा पर्वकाळ असा आहे. आचार्यांशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. तरीही तो काळ घेणाऱ्याच्या गरजेचा मानावा, एवढी सूट मी स्वतःपुरती घेतो.

या पंचांगाची चूक मोठ्या संकटांत भयंकर रूप घेते. 7 डिसेंबर 1988 रोजी आर्मेनियात भूकंप झाला आणि जगाने किमान 5,000 टन औषधे पाठवली. ती निवडण्यात 50 माणसांचे सहा महिने गेले, आणि काही औषधे तर थंडीनेच नासली. 26 डिसेंबर 2004 च्या, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी आलेल्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. काय हवे आहे, हे विचारायचे मात्र राहून गेले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा कबूल केलेला विषय आता धावतच उरकावा लागेल. सणातले दान बंद करा, असे मी म्हणत नाही. 1891 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या जोसेफ मॅकफी यांनी गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी पैसे गोळा करायला रस्त्यावर एक पातेले टांगले, आणि ती प्रथा आजही चालू आहे. सणाचा उमाळा खराच असतो. त्याला पुढच्या महिन्यांत वाटून द्यावे, एवढेच. एकरकमी देणगीऐवजी तीच रक्कम बारा हप्त्यांत दिली, तर संस्थेला पगाराचे नियोजन करता येते. वस्तूंपेक्षा पैसे बरे, कारण त्यांना डावा-उजवा पाय नसतो. आणि रक्त द्यायचे असेल, तर लांबलेल्या सुट्यांत द्यावे: नेहमीचे रक्तदाते तेव्हा गावाला गेलेले असतात, आणि साठवलेल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, साधारण 5 दिवसच टिकतात.

राहता राहिला, काय द्यावे हा प्रश्न. तो मी त्या अधीक्षिकाबाईंनाच विचारला होता. क्षणभरही न थांबता त्या म्हणाल्या, “कपडे धुण्याचं यंत्र दुरुस्त करून हवं आहे आणि रात्रपाळीच्या मावशींचा मार्चपासूनचा पगार हवा आहे.” मग नोंदवही मिटत त्यांनी विचारले, “हे लिहायला रकाना कोणता वापरू?”