दिवे लागले की

नमस्कार श्रोतेहो. आज मी गे बारबद्दल, म्हणजे समलिंगी माणसं जिथे जमतात त्या बारबद्दल बोलणार आहे. शब्द ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडली असेल, रेडिओचा आवाज जरा कमी करावासा वाटला असेल. नका करू. दारूबद्दल मला काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते माणसाला बसायला मिळणाऱ्या जागेबद्दल.

न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या गे बारचं नाव तुमच्यातल्या पुष्कळांच्या कानावरून गेलं असेल. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तिथे धाड घातली आणि एरवी मुकाट्याने पांगणारी माणसं त्या रात्री पांगली नाहीत. त्या उठावाबद्दल खूप बोललं जातं. मला मात्र त्याआधीचं तिथलं रोजचं रूप जास्त अस्वस्थ करतं. बार चालवत होता माफिया. काउंटरमागे वाहतं पाणी नव्हतं, उष्टे ग्लास टबात बुचकळायचे आणि पुन्हा भरायचे. नाचायच्या जागेत एरवी अंधार, पण तिथले पांढरे दिवे लागले की समजायचं, पोलीस आले. एकमेकांना बिलगून नाचणारे क्षणात दूर व्हायचे. तरी लोक येत होते. दुसरीकडे जाणार कुठे?

त्याच भागात ज्युलियस नावाचा जुना बार आहे, आजही चालू आहे. २१ एप्रिल १९६६ रोजी काही तरुण तिथल्या काउंटरपाशी गेले, आम्ही समलिंगी आहोत असं उघड सांगितलं आणि पेय मागितलं. बारटेंडरने पुढे ठेवलेल्या ग्लासवर आपला पंजा आडवा धरला. त्या क्षणाचा फोटो आहे. तो पाहताना मला त्या बारटेंडरचा राग येत नाही. समलिंगी माणसं जमली म्हणजे बेशिस्त माजली, असं दारूचे परवाने देणारं खातं धरून चालायचं, आणि परवाना गेला की धंदा बसला. पोटाची भीती होती त्या पंज्यात. पण ज्याच्या ग्लासवर तो आला, त्याला काय वाटलं असेल!

म्हणून मला ट्विन पीक्स टॅव्हर्नचं फार अप्रूप आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीतला, अगदी नाक्यावरचा बार. १९७२ मध्ये दोन मैत्रिणींनी तो घेतला आणि रस्त्याच्या बाजूला मोठाल्या काचा ठेवल्या, स्वच्छ आणि आरपार. तोवर असे बार म्हणजे रंगवलेल्या खिडक्या, नाव नसलेलं दार, आत शिरण्याआधी मागे वळून बघणं. इथे रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला माणूस दिसायचा आणि आतल्याला रस्ता. पुढे तिथली गिऱ्हाइकं म्हातारी झाली, तेव्हा पोरांनी थट्टेने त्या जागेला काचेची शवपेटी म्हणायला सुरुवात केली. मला हे नाव मुळीच आवडत नाही. ज्या माणसांनी तरुणपण तोंड लपवून काढलं, ती म्हातारपणी भर नाक्यावर, उजेडात, चारचौघांसमोर बसतात. याहून जिवंत काय असतं?

वस्तीतल्या अशा बारची खरी वेळ रात्रीची नसते, दुपारी चार-पाचची असते. संगीत हळू असतं. नेहमीचा माणूस दारातून आत येतो न येतो तोच त्याचं पेय त्याच्या स्टुलासमोर आलेलं असतं. सत्तरीचे गृहस्थ शेजारच्या पंचविशीतल्या मुलाला विचारतात, घरी सांगितलंस का रे? मुलगा मान हलवतो. मग तासभर दोघं कशावर तरी बोलत बसतात, बहुधा दुसऱ्याच कशावर. भिंतीवरच्या फळ्यावर एचआयव्ही तपासणीची वेळ, हरवलेल्या मांजराची चिठ्ठी आणि कुणाच्या तरी शोकसभेची तारीख शेजारी शेजारी टाचलेली असते.

शोकसभा म्हटल्यावर एड्सची आठवण टळत नाही. १९८१ पासून पुढची दहा-पंधरा वर्षं या बारमधली स्टुलं एकेक करून रिकामी होत गेली. कितीकांच्या घरच्यांनी पाठ फिरवली होती. तेव्हा काउंटरवर बरणी ठेवून औषधपाण्याला पैसे जमवणारी माणसं इथलीच होती.

आता हे बार कमी होताहेत. एकट्या लंडनमध्ये २००६ साली अशा १२५ जागा होत्या, २०१७ मध्ये ५३ उरल्या. सगळा दोष फोनवरच्या ॲपला देणं सोपं आहे. २००९ मध्ये ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांनी ओळख काढायचं ॲप आलं आणि त्यासाठी बारमध्ये जायची गरज घटली, हे खरंच. पण चालता धंदा असूनही भाडं वाढलं, भाडेकरार संपला, इमारत नव्याने बांधायला काढली, म्हणून बंद पडलेले बारही त्यात पुष्कळ आहेत. आणि कुठल्याही बारमध्ये हातात हात घालून बसता येऊ लागलं, तर माणूस वाट वाकडी करून इथे कशाला येईल? ही अडचण आनंदाची आहे, ती मी नाकारणार नाही.

जे टिकले त्यांची गिऱ्हाइकं बदलली. आता टेबलावर स्त्री-पुरुषांची जोडपी दिसतात, लग्नाआधीची पार्टी करायला आलेल्या मैत्रिणी दिसतात. काही जुन्यांना ते खुपतं. मला येणाऱ्यांबद्दल तक्रार नाही, त्यांनी शेजारी येऊन बसावं, जरूर बसावं. फक्त ड्रॅगचा, म्हणजे बायकी वेश करून रंगवलेला कार्यक्रम पाहायला आलेल्या घोळक्याने कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याकडेही कार्यक्रम असल्यासारखं पाहू नये. काचा उघड्या ठेवायला अजूनही छाती लागते. २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या पल्स या गे क्लबमध्ये ४९ माणसं गोळीबारात गेली, ती नाचायला आलेली होती.

रात्री उशिरा अशा बारमध्ये आजही पांढरे दिवे लागतात. कुणी दचकत नाही. लोक डोळे किलकिले करून हसतात, खुर्चीच्या पाठीवरचे कोट शोधतात. बारटेंडर ग्लास विसळत असतो, वाहत्या नळाखाली. आणि दुपारचा तो पंचविशीतला मुलगा दाराशी थांबलेला असतो, कारण सत्तरीच्या गृहस्थांना पायऱ्या उतरताना हात लागतो.