पंचनाम्यातला अपघात

(दृश्य: पहाटेचा महामार्ग. उलटलेली दुचाकी, टेपने अंतर मोजणारे हवालदार.)

२०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातले हे आकडे राज्यांच्या पोलिसांकडून येतात. म्हणजे जो अपघात ठाण्यात नोंदला गेला, तोच मोजला गेला.

खबर आली की हवालदार जागेवर पोहोचतात. जखमींना हलवायचं, वाहनं बाजूला घ्यायची, खोळंबलेली वाहतूक सोडायची. मग पंच, पंचनामा, जबाब, गुन्हा. फिर्यादीत ठरलेले शब्द येतात: ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. खटल्याला आरोपी लागतो, म्हणून सगळी नजर चालकावर. अहवालातलं अपघाताचं कारणही याच तपासातून ठरतं. २०२२ मधले ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती पडले आहेत. वेग हे मोठं कारण आहेच. पण त्या क्षणी गाडी नेमकी किती वेगात होती, हे बहुतेक ठिकाणी कुणी मोजलेलं नसतं. वळणाचा उतार चुकला होता का, दुभाजक अंधारात मध्येच संपत होता का, हे तपासायला रस्त्याचा अभियंता लागतो.

(दृश्य: सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग. भिंतीलगत स्ट्रेचर.)

जखमींचा हिशेब तर फारच अपुरा. त्या वर्षी नोंदले गेले ४,४३,३६६, म्हणजे एका मृत्यूमागे तीनही जखमी नाहीत. अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या कुठल्याही डॉक्टरला हे पटणार नाही. खडीवरून दुचाकी घसरते, पाय मोडतो, घरचे खासगी दवाखान्यात नेतात. दोन गाड्या घासल्या तर जागेवरच मिटवलं जातं. कोर्टकचेरी नको म्हणून तक्रारच होत नाही.

मृत्यूही निसटतात. अपघातानंतर ३० दिवसांत माणूस दगावला, तर तो अपघाती बळी धरायचा असा नियम आहे. पण तालुक्यातून पुण्या-मुंबईला हलवलेला रुग्ण तिथे दगावला, तर त्याचे कागद मूळ ठाण्यापर्यंत परत यावे लागतात. नाही आले, तर तो नोंदीत जखमीच राहतो. २०१६ साठी सरकारी आकडा १,५०,७८५ होता. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज जवळपास ३ लाखांचा.

(दृश्य: मोबाइलवर अपघाताची जागा नोंदवणारा अंमलदार.)

२०२१ पासून आयआयटी मद्रास आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेली संगणकीय नोंदप्रणाली आली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलिस जागेवरून ठिकाण आणि फोटो भरतात. आरटीओ, रस्ते विभाग आणि रुग्णालय यांनी आपापली माहिती त्याच नोंदीत भरायची. हा बदल मोलाचा आहे. मात्र डॉक्टरांचे आणि अभियंत्यांचे रकाने रिकामे राहिले, तर हाती पुन्हा पंचनामाच उरतो.

राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले, तर तो टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो आणि दुरुस्तीच्या यादीत जातो. ज्या वळणावरचे अपघात ठाण्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, ते वळण या यादीत येत नाही.