पॉलिश, सीलंट की वॅक्स: आधी रंग बघा, मग बाटली

[दृश्य: कोथरूडमधल्या सोसायटीचं पार्किंग. गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर टॉर्चचा प्रकाश.]

लांबून ही गाडी चकचकीत दिसते. टॉर्च जवळ नेला, की प्रकाशाभोवती गोल गोल बारीक ओरखडे उठून दिसतात. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं किंवा झटकणीनं धूळ पुसली जाते, तेव्हा ते पडतात. शहरभर बांधकामं चालू आहेत. हवेतून गाडीवर बसणाऱ्या धुळीत वाळूचे आणि खडीचे कण असतात, आणि ते रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात.

डिटेलिंग, म्हणजे गाडीच्या रंगाची बारकाईनं साफसफाई आणि निगा, शिकायला लागलेला माणूस इथे पहिला प्रश्न विचारतो: यावर वॅक्स कोणतं लावू? वॅक्सनं हे ओरखडे जात नाहीत. नाना पेठेतल्या दुकानात पॉलिश, सीलंट आणि वॅक्स एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात, काही डब्यांवर तर तिन्ही शब्द एकत्र छापलेले असतात, त्यामुळे हा घोळ होतो. कामं मात्र उलटी आहेत. पॉलिश घासून थर कमी करतं. सीलंट आणि वॅक्स वर थर चढवतात.

[दृश्य: पत्र्याच्या थरांची आकृती.]

कमी करायचं म्हणजे किती? पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं, आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सहसा या क्लिअर कोटहून जाड असतो. मध्यम पॉलिशचा एक हात एक ते तीन मायक्रॉन नेतो. एकदा केलं तर काही बिघडत नाही. दर दिवाळीला वॉशिंग सेंटरमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं, तर पाच-सहा वर्षांत क्लिअर कोट इतका पातळ होतो, की छत आणि बॉनेट उन्हात सोलपटायला लागतात. मग रंगकामाशिवाय उपाय नाही.

म्हणून मशीन हातात घेण्याआधी पेंट थिकनेस गेजनं, म्हणजे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्रानं, प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी मोजा. आकडा ८०च्या खाली आला, तर तिथे मशीन लावू नका. २००च्या वर गेला, तर पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे. ५००च्या पुढे बहुधा आत लांबी (पुट्टी) भरलेली असते. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही, तिथे अंदाजानं जरा कमीच घासा. जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसूही शकतो. कोपऱ्यात पांढऱ्या कापडानं थोडं पॉलिश घासा. कापडाला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट नाही आणि तुम्ही थेट रंगच घासताय. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश कधीच लावायचं नाही. घासलेल्या जागी चमक येते आणि ती परत घालवता येत नाही.

[दृश्य: बॉनेटवर टेपनं आखलेला चौकोन. मशीन चालू.]

पॉलिश तीन ताकदींचं मिळतं: खरखरीत कंपाउंड, मध्यम आणि फिनिशिंग. नवशिक्यानं कंपाउंड घेऊच नये. मध्यम आणि फिनिशिंगची प्रत्येकी २५० मिलीची बाटली खूप दिवस पुरते. मशीन ड्युअल अ‍ॅक्शन हवं, त्यात पॅड गोल फिरता फिरता डोलतंही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन एकाच जागी उष्णता साठवतं. दाराच्या कडेवर दोन सेकंद जास्त थांबलं, की क्लिअर कोट जळतो. शिवाय नवख्या हातातून उन्हात सरकणाऱ्या चमकदार रेघा उठतात, ज्यांना होलोग्राम म्हणतात.

गाडी शाम्पूनं धुवा, क्ले बारनं (रंगावरून फिरवायच्या मऊ, मातीसारख्या वडीनं) चिकटलेले कण काढा, वाळवा, कडांना आणि काळ्या प्लॅस्टिकला टेप लावा. मग बॉनेटवर ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि सुरुवात फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅडनं करा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. मशीन एक नंबरवर ठेवून ते पसरवा, मग चार-पाच नंबरवर आडवे-उभे चार ते सहा हात मारा. हाताचा वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. घाई केली, की पॅड वरून नुसतं सरकतं. पांढरी पूड उडायला लागली, तर पॉलिश जास्त झालंय किंवा पॅड भरलंय. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं साफ करा.

निकाल लगेच बघू नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरतं आणि ते गेल्यासारखे वाटतात. पाण्यात १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून तो चौकोन पुसा, मग टॉर्च लावा. बहुतेक ओरखडे गेले असतील, तर याच जोडीनं सगळी गाडी करा. नसतील, तरच मध्यम पॉलिशकडे जा. नख अडकतं असा ओरखडा तसाच राहू द्या. तो पूर्ण घालवण्यात क्लिअर कोट संपतो.

[दृश्य: डब्यातलं पिवळसर वॅक्स, शेजारी सीलंटची बाटली.]

आता वरचा थर. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, पण डब्यात तेलं आणि द्रावकही मिसळलेले असतात, त्यामुळे लावलेला थर त्याआधीच मऊ पडतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या काळ्या बॉनेटचं तापमान ६५-७० अंशांपर्यंत सहज जातं. अशा गाडीवर वॅक्स चार ते आठ आठवडे टिकतं. सीलंट हे कृत्रिम पॉलिमर असतं, ते उष्णता आणि शाम्पू जास्त सोसतं आणि चार ते सहा महिने राहतं.

पहिली खरेदी सीलंटचीच करा. गडद लाल, काळ्या, निळ्या रंगावर कार्नौबा जी खोली देतं ती खरंच सुंदर असते, पण पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर तो फरक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि पुण्यातल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्याच जास्त.

सीलंटला स्वच्छ पृष्ठभाग लागतो. पॉलिशचं तेल राहिलं, तर ते धरत नाही, म्हणून संपूर्ण गाडी पुन्हा अल्कोहोलच्या पाण्यानं पुसा. सावलीत, गार पत्र्यावर, फोमच्या अ‍ॅप्लिकेटरनं पातळ थर द्या. लहान हॅचबॅकला ३०-४० मिली पुष्कळ झालं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेनं मऊ मायक्रोफायबरनं पुसा आणि रात्रभर पाणी लागू देऊ नका. वॅक्स हवंच असेल, तर दुसऱ्या दिवशी त्यावर चढवा. क्रम उलटा करू नका, वॅक्सवर सीलंट बसत नाही.

वॅक्स लावताना सगळ्यात जास्त चूक जाडीत होते. जाड थर जास्त टिकत नाही. तो वाळायला वेळ घेतो, पुसताना पट्टे सोडतो आणि जास्तीचं सगळं कापडावरच जातं. बोट फिरवल्यावर खाली स्वच्छ चमक दिसली, की पुसायची वेळ झाली. काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स गेलं, तर पांढरे डाग वाळून बसतात आणि फार छळतात.

[दृश्य: वाघोलीतली सोसायटी, पाण्याचा टँकर.]

टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. जाहिरातीत थेंब गोल उभे राहतात, ते छान दिसतं. उन्हात मात्र तोच थेंब जागच्या जागी आटतो आणि पांढरं कडं सोडून जातो. अशा ठिकाणी थेंब धरून ठेवणाऱ्या सीलंटपेक्षा पाणी सलग पडद्यासारखं सरकवून टाकणारं सीलंट निवडा. गाडी सकाळी लवकर धुवा आणि लगेच टिपून घ्या. ताजे डाग व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन निघतात, त्यानंतर चोळून न पुसता भरपूर पाण्यानं धुवा. महिनोन्‌महिने राहिलेले डाग क्लिअर कोटमध्ये कोरले जातात, आणि मग पुन्हा पॉलिशवर यावं लागतं.

सीलंटची योग्य वेळ मेचा शेवटचा आठवडा, जूनच्या पावसाआधी. दुसरा हात विसर्जन आटोपल्यावर. मिरवणुकीत गाडीवर बसलेला गुलाल कोरडा पुसू नका, आधी पाण्याची धार सोडा. दसऱ्याला बॉनेटवर लावलेलं हळद-कुंकूही त्याच दिवशी ओल्या मायक्रोफायबरनं टिपून काढा, घासू नका.

थर संपला का, हे ओळखताना घाई होते. पाणी गाडीवर पसरून बसायला लागलं, म्हणजे सीलंट गेलंच असं नाही, वर नुसता धुळीचा आणि धुराचा थरही असू शकतो. आधी शाम्पूनं नीट धुवा आणि पुन्हा पाणी टाका. ते झरझर सरकलं, तर काही करायची गरज नाही. तरीही पसरून राहिलं, तर सीलंटचा नवा हात द्या. पॉलिशची बाटली कपाटातच राहू द्या. टॉर्चखाली नवे ओरखडे दिसले, तरच ती बाहेर काढा.