लॉकरचा दिवा लुकलुकतो तेव्हा

(पुण्यातल्या ऑफ-रोडिंग करणाऱ्या मंडळींसमोर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मृग तोंडावर आला आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात ताम्हिणी, वरंधा, वेल्ह्याकडच्या वाटा आत्तापासूनच फिरायला लागल्या असणार. म्हणूनच आज मी इंजिन, टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) असल्या रुबाबदार गोष्टींवर बोलणार नाही. बोलणार आहे डिफरन्शियल लॉकच्या, म्हणजे लॉकरच्या, सेन्सरवर. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलमधला, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच; लॉक ती मोकळीक काढून घेतो. वस्तू अंगठ्याएवढी, गाडीखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाही आणि बिघडेपर्यंत कुणाला आठवतही नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा सेन्सर आपल्या मरणानं क्वचितच मरतो. त्याचा जीव घेते ती त्याची वायर, त्याचा कपलर (वायरींचा प्लग) आणि नको तिथं शिरलेलं पाणी. नवा सेन्सर बसवूनही दोन महिन्यांत डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा परत लुकलुकायला लागतो, तो बहुतेक वेळा याच कारणानं.

आधी हा प्रश्न कुणाचा आहे ते बघू, म्हणजे बाकीच्यांना निवांत चहा पिता येईल. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या मागच्या ॲक्सलमध्ये जे मेकॅनिकल लॉकिंग मिळायचं, त्याला ना बटण, ना दिवा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते आतल्या आत आपोआप लॉक होतं. आपल्या आकुर्डीच्या फोर्सच्या गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं लॉक आहेत, पण ते लिव्हर ओढून लावायचे. तिथं काळजी घ्यायची ती मुख्यतः यांत्रिक जोडणीची. आजचा विषय आहे बटणावर चालणाऱ्या लॉकचा. जीप रँगलर रुबिकॉनचे पुढचे-मागचे लॉकर, थार रॉक्सचं मागचं इलेक्ट्रॉनिक लॉक, टोयोटा हायलक्सचं मागचं लॉक, ही त्यातली मंडळी. रँगलर २०२१ पासून आपल्या रांजणगावातच जोडली जाते, त्यामुळे इकडच्या रस्त्यांवर ती आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही.

साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) सारखाच मिळतो. एक चाक निसरड्या चिखलात असेल, तर ते फिरायला जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. मग खडकावर पक्कं बसलेलं चाक नुसतं बघत राहतं आणि चिखलातलं भिरभिरतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरायला बांधली जातात. बटण दाबल्यावर कॉइल किंवा छोटी मोटर आतला भाग सरकवते. तो खरोखर जागेवर बसला की नाही, हे सेन्सर कंप्यूटरला कळवतो. काही गाड्यांत ही दट्ट्याची साधी स्विच असते, काहींत चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर.

हा निरोप नुसता दिव्यासाठी नसतो. लॉक लागलेला असताना एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी भिरभिरू न देणारी) नेहमीच्या पद्धतीनं चालवून भागत नाही, कारण दोन्ही चाकं एकत्र बांधलेली असतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत कंप्यूटर या सेन्सरच्या भरवशावर ठरवतो की ती यंत्रणा किती मोकळी सोडायची. सेन्सर खोटं बोलला की गोंधळ दिव्यापाशी थांबत नाही.

आता एक गैरसमज. दिवा लुकलुकला की सेन्सर गेला, असं नाही. लुकलुकण्याचा अर्थ एवढाच, की हुकूम गेला आहे पण तामिलीचा निरोप अजून आलेला नाही. आतले दात समोरासमोर यायला चाकं थोडी फिरावी लागतात. स्टिअरिंग सरळ करा आणि गाडी हलकेच हातभर पुढं-मागं घ्या. दिवा स्थिर झाला तर काही बिघडलेलं नाही. सोडतानाही तेच. ॲक्सलमध्ये पीळ बसलेला असतो, तो सुटेपर्यंत लॉक सुटत नाही. सरळ रेषेत थोडं मागं आलं की पीळ जातो. हे न कळल्यामुळे चांगले सेन्सर उगीच बदलले जातात आणि गॅरेजवाल्याची दिवाळी होते. (हशा)

आता पाण्याकडं येऊ. खरा खलनायक तोच.

घाट चढून आलात, फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, संथ गिअर) तासभर धडपड केलीत. डिफरन्शियलमधलं तेल तापून समजा ८० अंशांवर गेलं. समोर ओढा आला आणि तुम्ही गाडी घातलीत. हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं बाहेरचं कवच, झपाट्यानं गार होतं, आतली हवा आकसते. साधं गणित करा. आतली हवा ८० अंशांवरून ३० अंशांवर आली आणि बाहेरून आत यायला वाट नसेल, तर आतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. ही ओढ दीड मीटरभर उंच पाणी उचलेल एवढी आहे. ऑइल सील बनवलेलं असतं ते आतलं तेल आत ठेवायला. बाहेरून पाणी खेचलं जात असताना ते तेवढ्या निष्ठेनं काम करत नाही. सेन्सरभोवतीची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, तीही करत नाही. म्हणून हाउसिंगला ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर करण्यासाठी. तो चिखलानं बुजला की हवा सीलमधून, ओ-रिंगमधून वाट शोधते आणि सोबत पाणी घेऊन येते. ब्रीदर उघडा आहे पण पाण्याच्या पातळीखाली आहे, तर मग विचारायलाच नको, तो थेट स्ट्रॉसारखा पाणी पितो.

त्यामुळे सेन्सर वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय सेन्सरपाशी नाही, ब्रीदरपाशी आहे. तो काढून साफ करा, हवा मारून मोकळा आहे ना बघा. पाण्यात जाणार असाल तर तेलाला चालणारी नळी जोडून तोंड वर, बॉनेटखाली किंवा मागच्या दिव्याच्या पोकळीत न्या. नळी नाना पेठेत मिळते, खर्च एका वेळच्या मिसळीपेक्षा फार नाही. शिवाय ओढ्याच्या काठावर पाच-दहा मिनिटं गाडी उभी करून मगच पाण्यात उतरायची सवय लावा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

इथं कुणीतरी म्हणतंच, की कपलर तर वॉटरप्रूफ आहे, आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) आहे. बरोबर. पण ती चाचणी काय असते? एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि वस्तू व पाणी यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नसायला हवा. म्हणजे तापलेला कपलर गार ओढ्यात बुडवणं त्या चाचणीत बसतच नाही. तीच गत वॉशिंग सेंटरची. जवळून मारलेल्या उच्च दाबाच्या फवाऱ्यासाठी वेगळी, ९के नावाची चाचणी आहे, ८० अंशांचं पाणी आणि ८० ते १०० बारचा दाब. ६७ लिहिलेल्या कपलरनं ती पास केलेली असतेच असं नाही. ट्रेकहून आल्यावर पोरगा गन हातात घेऊन खाली सरकतो आणि चिखल दिसेल तिथं नेम धरतो. ओढ्यानं जे केलं नाही ते तो करतो. त्याला सांगा, ॲक्सलवरच्या कपलरवर दुरून, साध्या पाइपानं.

असा खराब झालेला कपलर उघडून बघितलाय कुणी? त्याचा खटका दाबून ओढला की आधी थेंबभर राखाडी पाणी ओघळतं. पितळी पिनांच्या टोकाला हिरवट पावडर धरलेली असते, एखादी पीन निम्मी झालेली. रबरी सीलच्या कडेला लाल मातीचा एक बारीक पट्टा असतो, पाणी कुठून आलं ते सांगणारा. हे वेळेवर दिसलं तर काँटॅक्ट क्लीनर मारून, वाळवून, सीलला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस पातळसं लावून काम भागतं. साधं ग्रीस किंवा व्हॅसलीन नको, त्यानं काही प्रकारचं रबर फुगतं आणि सील आणखी ढिलं होतं.

पण पाणी कपलरच्या तोंडातूनच येतं असं समजू नका. वायरमनच्या हातात टोकदार टेस्ट लॅम्प असतो. करंट येतो का बघायला तो वायरच्या इन्सुलेशनमध्ये सुई टोचतो, दिवा लागतो, तो खूश, तुम्ही खूश. भोक तसंच राहतं. तांब्याच्या तारांमधून पाणी वातीतल्या तेलासारखं चढत जातं आणि फूटभर लांबच्या पिनेपर्यंत पोहोचतं. बाहेरून वायर ठणठणीत, आत तांबं काळं. तपासणी करायची तर कपलरच्या मागून पातळ पीन घालून करा, आणि वायरला हात लावू देण्याआधी हे सांगा. टोचलंच असेल तर त्या जागी आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. ती बुधवारातल्या तपकीर गल्लीत वाटेल त्या मापात मिळते.

आता लिफ्ट किटवाले. तुम्ही सस्पेन्शन दोन-तीन इंच उचलता, मोठे टायर टाकता, फोटो काढता. ॲक्सल आता पूर्वीपेक्षा खाली लोंबतो, आणि चॅसीवरून (गाडीच्या सांगाड्यावरून) ॲक्सलकडं येणारी सेन्सरची वायर मात्र कंपनीनं मोजून दिली तेवढीच राहते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. एखाद्या खड्ड्यात चाक पूर्ण लोंबकळलं की वायर ताणून तारेसारखी होते. ती एकदम तुटत नाही, दरवेळी थोडी थोडी कपलरमधून सुटत जाते. मग दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि सेन्सरला शिव्या. किट बसवल्यावर गाडी चॅसीवर उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या आणि हातानं वायर चाचपा. ढील नसेल तर क्लिप सोडून नवा मार्ग द्या, नाहीतर वायर वाढवा. वाढवताना जोड चॅसीच्या बाजूला घ्या, हलत्या ॲक्सलवर नको. आणि सोल्डरपेक्षा नीट क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) जोड बरा, कारण सोल्डर शोषलेली तार कडक होते आणि थरथरीनं नेमकी त्याच्या कडेला तुटते.

तेलाबद्दल थोडक्यात. पाण्यात जाऊन आल्यावर गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवा आणि सकाळी ड्रेन प्लग जरासा ढिला करा. तळाला बसलेलं पाणी आधी बाहेर येतं. तेल दुधाळ दिसलं तर बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. प्लगच्या चुंबकावर करड्या चिखलासारखी लोखंडी पावडर दिसेल. थोडी असणारच, पण चुंबक असलेल्या सेन्सरच्या टोकावरही ती जमते आणि तो चुकीचं वाचायला लागतो. गिअरच्या दाताचा तुकडा निघाला तर मात्र सेन्सरचा विचार सोडा. तेलाचा ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तोच.

आणि लॉक वापरा. वर्षभर बटणाला हात न लावता पहिल्यांदा मुळशीच्या चिखलात दाबलं, की आतला दट्टा अडकलेला असतो. महिन्यातून एकदा मातीच्या मोकळ्या जागेवर सरळ रेषेत लावून सोडा. डांबरावर लावून वळू नका. आणि मोकळी जागा म्हणजे मावळातली भातखाचरं नव्हेत, तो शेतकऱ्याचा वर्षाचा घास आहे.

प्रश्न आला आहे की सेन्सर बायपास करून टाकला तर? पिना शॉर्ट करून दिवा गप्प करतात, मला माहीत आहे. दट्ट्याच्या स्विचमध्ये गाडीला वाटत राहतं की लॉक कायम लागलेला आहे किंवा कधीच लागलेला नाही, आणि त्या समजुतीवर ती एबीएसचे निर्णय घेते. तीन वायरींच्या हॉल सेन्सरमध्ये तर चुकीच्या पिना जोडल्या की कंप्यूटरची पुरवठा लाइनच थेट अर्थला जोडली जाते. त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सरही बंद पडू शकतात. रानात अडकलात तर एकच करा. लॉक सोडा, कपलर काढून कोरडा करा, परत बसवा. नाहीच झालं तर लॉकशिवाय, विंच किंवा दोरावर बाहेर या.

दुसरा प्रश्न, जादा सेन्सर जवळ ठेवावा का. लांबच्या ट्रिपला ठेवा, पण सोबत त्याची ओ-रिंग हवीच, आणि हातात टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच आवळायचा पाना). साधा पाना लावून दात-ओठ खात आवळणारे हाउसिंगचे आटे खातात. मात्र त्याआधी पिशवीत कपलरचा एक सुटा जोड, त्याच्या पिना, क्रिंपिंगची पक्कड आणि मीटरभर वायर असू द्या. रानात गरज जास्त करून त्याचीच लागते.