एक रिपॉझिटरी, दोन पडदे

[दृश्य: टॅबलेट, ब्लूटूथ कीबोर्ड, शेजारी फोन]

फोनवर लिहिलेला प्रोग्राम इथे टॅबलेटवर उघडतोय. मधे केबल नाही, स्वतःलाच पाठवलेला मेसेज नाही. लॅपटॉप नाही म्हणून पायथन शिकायचं थांबवू नका. ही दोन यंत्रं पुरतात. मात्र कोड कुठे राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवं.

[दृश्य: टर्मक्सचा काळा पडदा]

हे टर्मक्स, अँड्रॉइडवर आज्ञा टाइप करून काम करायचं ॲप. ते एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारातून घ्यावं. आधी ‘पीकेजी अपग्रेड’, मग ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन गिट ओपनएसएसएच’. फोन रूट करावा लागत नाही, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार घ्यावे लागत नाहीत. कंट्रोलचं बटण सापडत नसेल तर आवाज कमी करायचं बटण ते काम करतं. हा लूप पाहा, संपायलाच तयार नाही. बटण दाबून धरलं, सी दाबलं, थांबला.

[दृश्य: लाल अक्षरांतली एरर]

आणि ही एरर: ‘परमिशन डिनाइड’. प्रकल्प फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये, म्हणजे डाउनलोड वगैरेंच्या शेजारी ठेवला की ही गाठ पडतेच. तिथे सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण, बनत नाही, फाइलला चालवण्याची परवानगी देता येत नाही, त्यामुळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पाच्या लायब्ररींची वेगळी जागा, उभंच राहत नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिटसुद्धा फोल्डरच्या मालकीवर शंका घेऊन अडून बसतं. म्हणून प्रकल्प टर्मक्सच्या होममध्येच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच हवा. टर्मक्स अनइन्स्टॉल केलं तर होमही जातं, हेही ध्यानात असू द्या.

[दृश्य: दोन्ही पडद्यांवर तीच फाइल]

म्हणूनच गिट. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये ते लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. विखुरलेली माणसं, वेगवेगळी यंत्रं आणि कोड एकच. इथे माणूस एकटा असला तरी अडचण तीच आहे. क्लाउडच्या फोल्डरमध्ये रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट प्रकल्पाचं फोल्डर, ठेवून सिंक करायचा मोह टाळा. गिटच्या आतल्या फाइली अर्धवट सिंक झाल्या की इतिहासच बिघडतो. कामाला बसताना पुल, म्हणजे ऑनलाइन प्रतीतले नवे बदल आणायचे. उठताना ॲड आणि कमिट करून बदल नोंदवायचे, मग पुश करून ते तिथे पाठवायचे. पाच ओळी बदलल्या असतील तरीही.

रिपॉझिटरीची ऑनलाइन प्रत ठेवणारं गिटहब 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामासाठी पासवर्ड स्वीकारत नाही. त्याऐवजी ‘एसएसएच-कीजेन’ने प्रत्येक यंत्रावर ओळख पटवणारी वेगळी किल्ली बनवा, तिच्या दोन फाइली तयार होतात. ‘पब’ने संपणारी फाइल गिटहबवर चढवायची, दुसरी यंत्राबाहेर जाता कामा नये. फोन हरवला तर तेवढी एकच किल्ली रद्द करायची.

[दृश्य: आयपॅड]

आयपॅडवर वर्किंग कॉपी या गिटच्या ॲपमध्ये रिपॉझिटरी क्लोन करायची, म्हणजे तिची प्रत उतरवायची. त्यात पुश करायला पैसे मोजावे लागतात. मग ए-शेल या आज्ञा चालवायच्या ॲपमध्ये ‘पिकफोल्डर’ देऊन तेच फोल्डर उघडायचं आणि पायथन चालवायचं.

हे अवतरणचिन्ह जवळून पाहा. वाकडं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमधलं स्मार्ट पंक्चुएशन सरळ चिन्हं परस्पर वाकडी करतं आणि पायथन ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणून थांबतं. ते बंद करा. शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं, आणि चूक असते कीबोर्डची.

लायब्ररींचं थोडं वेगळं आहे. टर्मक्समध्ये नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी पिप या पायथनच्या साधनाने घेतली तर फोन ती कंपाइल करत बसतो आणि बहुतेकदा मधेच कोलमडतो. ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन-नमपाय’ हा सरळ रस्ता. ए-शेलमध्ये पिपने निव्वळ पायथनमध्ये लिहिलेलीच पॅकेजेस बसतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत टाका. एका यंत्रावरचं दुसऱ्यावर चालत नाही.

[दृश्य: ‘रिजेक्टेड’]

फोनवरून पुश राहून गेलं, टॅबलेटवर तीच फाइल बदलली आणि तिथून पुशही झालं. आता फोनचं पुश नाकारलं जातंय. घाबरून फोर्स पुश करू नका, टॅबलेटवरचं काम पुसलं जाईल. फोनवरचे बदल कमिट करून ‘गिट पुल --रिबेस’ द्या, म्हणजे ते टॅबलेटवरच्या बदलांवर रचले जातात. दोन्ही बदल एकाच ओळीवर असतील तर फाइलमध्ये अशा बाणांच्या खुणा येतात. हवा तो भाग ठेवा, खुणा काढा, प्रोग्राम एकदा चालवून बघा. मग ॲड, ‘गिट रिबेस --कंटिन्यू’ आणि पुश.